लॅपटॉपवर कॅसेट उतरवताना बासरीचा लांब सूर मधेच विझतो

निळी फीत

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही नेमकं कळायचं नाही.

माझ्या बाबांनी घरीच वाजवून भरलेल्या बासरीच्या अकरा कॅसेट माझ्याकडे आहेत. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. या कॅसेटच्या दुसऱ्या प्रती कुठेही नाहीत. एकीच्या फितीला चिकटपट्टीचा जोड आहे, तो कधी सुटेल याचा भरवसा नाही. म्हणून त्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायला बसले आहे.

जोडणी अशी आहे. टेपरेकॉर्डरच्या मागे लाइन आउटची, म्हणजे आवाज बाहेर काढायची, लाल-पांढरी भोकं आहेत, तिथून वायर निघते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला हेडफोनला असते तशी साडेतीन मिलिमीटरची पिन आहे. ती लॅपटॉपच्या डाव्या बाजूच्या एकमेव भोकात घातली. त्या भोकाशेजारी हेडसेटचं चित्र आहे. विंडोज ११, लॅपटॉपचं आतलंच साउंड कार्ड, रेकॉर्डिंग ऑडॅसिटीमध्ये. इनपुटच्या यादीत 'मायक्रोफोन अ‍ॅरे' एवढं एकच नाव दिसतं, तेच निवडलं. टेप सुरू केली की मीटर हलतो, म्हणजे आवाज पोचतोय असं मी धरून चालले. नीट चाललंय का हे कळावं म्हणून टेपचा स्पीकरही हळू आवाजात चालू ठेवते.

आता अडचण. दोन धुनांच्या मधे बाबा थोडं बोलतात, ते बोलणं स्वच्छ येतं. पण बासरीचा लांब सूर लागला की पहिला सेकंद-दीड सेकंद तो भरदार असतो आणि मग कुणी पडदा ओढावा तसा पातळ होत जातो. बाबांनी श्वास घेऊन पुन्हा फुंकर घातली की सूर परत भरतो आणि परत विझतो. टेपच्या स्पीकरवर तोच सूर शेवटपर्यंत अखंड ऐकू येतो. शिवाय ते थांबले की मागची सूं सूं आपोआप वर चढते आणि वाजवायला लागले की खाली जाते. दुसऱ्या धुनेत एका ठिकाणी दार आपटल्याचा आवाज आहे. तो जुन्या घरातला असेल असं समजून तिकडे लक्ष दिलं नाही.

टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, वायर बदलली, ड्रायव्हर काढून परत टाकला, इनपुटची पातळी १०० वरून ६० वर आणली. काही फरक नाही. साउंड कार्डच गेलंय का?

कोरा कागद

मला तरी हा फितीचा दोष वाटतो. जुन्या फितीवरचा थर झडतो आणि आवाज असा मधेमधे बसतो. नाहीतर एकदा सगळं फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका, माझा आवाजाचा प्रश्न तसाच सुटला होता.

तारयंत्र

फॉरमॅट बिलकुल करू नका आणि फितीलाही दोष देऊ नका. टेपच्या स्पीकरवर सूर अखंड वाजतोय म्हणजे टेपच्या लाइन आउटपर्यंत सगळं ठीक आहे. घोटाळा त्याच्या पुढे आहे.

ताई, तुमच्या पोस्टमधली दोन वाक्यं मी परत परत वाचली. एक 'मायक्रोफोन अ‍ॅरे'चं आणि दुसरं त्या दाराचं. कॅसेटमध्ये त्याच जागी दार वाजतं का, हे टेपच्या स्पीकरवर ऐकून बघा.

आणि आणखी एक करा. रेकॉर्डिंग सुरू ठेवा, टेप बंद ठेवा, वायर लावलेलीच राहू द्या. नखाने स्क्रीनच्या वरच्या कडेवर, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना, हलकं खरवडा. मग कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर खरवडा. मीटर उडी मारतो का सांगा. मला जी शंका आहे ती खरी ठरली तर तुमचं साउंड कार्ड धडधाकट आहे.

निळी फीत

तारयंत्र, आत्ताच करून बघितलं. कॅमेऱ्याच्या डावीकडे नख लावलं तर मीटर थेट लाल. वायर उपटली तरी काही फरक नाही.

कॅसेटमध्ये दार नाही. तीन वेळा मागे नेऊन ऐकलं. ते माझ्याच घरातलं दार आहे, त्या दुपारी वाऱ्याने आपटलं होतं.

म्हणजे दोन आठवडे मी टेपच्या वायरमधून काहीच घेत नव्हते. टेपच्या स्पीकरमधून खोलीत पसरणारा आवाज लॅपटॉपचा माइक ऐकत होता. चार कॅसेट अशाच उतरवल्या आहेत. पण मग वायर लावूनही लॅपटॉपने ती का घेतली नाही? आणि सूर का विझत होता?

तारयंत्र

चार कॅसेट परत कराव्या लागतील. पण मूळ फिती जागेवर आहेत, तेव्हा काही हरवलेलं नाही.

आधी वायर. तुमच्या वायरच्या पिनेकडे नीट बघा. तिच्यावर दोन काळे पट्टे असतील आणि धातूचे तीन भाग: टोक डाव्या बाजूचं, मधलं कडं उजव्या बाजूचं, मुळाशी अर्थ, म्हणजे अर्थिंगची जोडणी. लॅपटॉपच्या त्या एकट्या भोकात मात्र चार जागा असतात: डावा, उजवा, अर्थ आणि सगळ्यात मुळाशी माइक. मोबाइलच्या हेडसेटच्या पिनेला तीन पट्टे असतात ते म्हणूनच. तीन भागांची पिन तिथे घातली की तिचा मुळाचा लांब भाग अर्थ आणि माइक या दोन्ही जागांवर एकदम टेकतो. माइकची जागा अर्थला चिकटली की साउंड कार्ड समजतं, नुसता हेडफोन लावलाय, माइक नाही. मग ते आतलाच माइक चालू ठेवतं. आणि तुमच्या टेपचा डावा-उजवा आवाज लॅपटॉपच्या हेडफोनच्या आउटपुटवर जाऊन धडकत होता, म्हणजे आउटपुटसमोर आउटपुट. आत शिरायला त्याला वाटच नव्हती.

'अ‍ॅरे' म्हणजे स्क्रीनच्या कडेला बसवलेले दोन किंवा जास्त बारीक माइक. यादीत हे नाव दिसलं की तो आतला माइक, बाहेरून लावलेली वस्तू नव्हे, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

आता सुराचं. लॅपटॉपचा माइक बोलण्यासाठी, कॉलसाठी बनवलेला असतो. त्याच्या आवाजावर वाटेत प्रक्रिया होते: गोंगाट कमी करणं, प्रतिध्वनी काढणं, पातळी आपोआप वर-खाली करणं. गोंगाट ओळखायची त्याची रीत अशी की जो आवाज एकसारखा, न बदलता चालू राहतो तो पंखा किंवा एसी, म्हणून दाबून टाका. माणसाचं बोलणं क्षणोक्षणी बदलतं, म्हणून ते सोडून द्या. बासरीचा स्थिर लावलेला लांब सूर त्याला पंख्यासारखाच वाटतो. दीड सेकंद तो वाट बघतो आणि मग सूर गोंगाटात जमा करतो. बाबांचं बोलणं स्वच्छ आणि सूर विझलेला, हे त्याचमुळे. जितका सूर स्थिर, तितका तो जास्त कापला जातो. ते थांबल्यावर सूं सूं वर चढते ती पातळी आपोआप वाढवणाऱ्या प्रक्रियेमुळे.

हे बंद करता येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मग इनपुटमध्ये तो माइक उघडून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' ऑफ. काही लॅपटॉपवर कंपनीचं वेगळं ऑडिओ अ‍ॅप असतं, त्यातलाही गोंगाट कमी करायचा पर्याय बंद करावा लागतो, नाहीतर एकीकडे बंद केलेलं दुसरीकडे चालूच राहतं. एकदा करून फरक ऐका, म्हणजे खात्री पटेल. पण त्यावर समाधान मानू नका. माइकने खोलीतला आवाज घेणं आणि वायरमधून थेट घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खुंटी

मी लिनक्सवाला, माझी भर थोडक्यात. कुणाला हाच त्रास तिकडे असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ४ दाबून कॅप्चरचे खटके बघा. कुठला माइक चालू आहे आणि 'माइक बूस्ट' किती आहे ते तिथे सरळ दिसतं. बूस्ट २० किंवा ३० डेसिबलवर असेल तर आधी शून्यावर आणा.

निळी फीत, तुम्हाला चार भागांच्या पिनेचं स्प्लिटर वापरता येईल. एका टोकाला तीन पट्ट्यांची पिन आणि दुसरीकडे हेडफोन आणि माइक अशी दोन वेगळी भोकं. टेपची वायर माइकच्या भोकात घाला, लॅपटॉप बाहेरचा माइक ओळखेल.

निळी फीत

खुंटी, स्प्लिटर घरात होतंच, लगेच लावून बघितलं. यादीत नवीन नाव आलं, नख खरवडलं तर मीटर ढिम्म. इतका आनंद झाला! पण टेप सुरू केली आणि बासरी फाटकी यायला लागली. इनपुटची पातळी १० वर आणली तरी फाटतेच, फक्त फाटलेला आवाज हळू येतो. लहरींची टोकं कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसतात. शिवाय एकच बाजू येते. एका कॅसेटमध्ये बाबांचे एक मित्र साथीला गिटार वाजवतात, त्यांची गिटार दुसऱ्या बाजूला आहे. ती पार गायब.

तारयंत्र

खुंटींचा सल्ला माइकसाठी बरोबर आहे, टेपसाठी नाही. माइकमधून येणारा आवाज काही मिलिव्होल्टचा असतो. टेपच्या लाइन आउटमधून साधारण ०.३ व्होल्ट येतात, म्हणजे शंभरेक पट. माइकच्या भोकामागचा अ‍ॅम्प्लिफायर तिथेच भरून वाहतो. तुम्ही इनपुटची पट्टी खाली ओढता ती बहुधा त्याच्या पुढची असते, म्हणून फाटलेलाच आवाज लहान होतो. एकदा लहरीचं टोक कापलं गेलं की मागाहून आवाज कमी करून ते परत येत नाही.

बाजूचं म्हणाल तर हेडसेटच्या पिनेत माइकसाठी मुळात एकच जागा आहे. तिथून स्टिरिओ येणं शक्यच नाही. त्या जागेवर माइकला वीज पुरवायला दोन-अडीच व्होल्टही सोडलेले असतात, टेपच्या आउटपुटला त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा ती पिन काढून ठेवा.

लॅपटॉपवर वेगळं लाइन इन आता सहसा मिळत नाही. तुम्हाला यूएसबीची छोटी बाहेरची डबी लागेल. घेताना किंवा कुणाकडून मागून आणताना एकच गोष्ट बघा: त्यावर 'लाइन इन' लिहिलेलं हवं आणि ते स्टिरिओ हवं, शक्यतो लाल-पांढरी दोन भोकं असलेलं. बोटाएवढ्या यूएसबी साउंड कार्डवर माइकचं चित्र असलेलं गुलाबी भोक असतं, तेही बहुतेक एकेरी माइकचंच. ते घेतलंत तर आजचाच त्रास परत होईल.

आणि हो, नवीन काहीही लावलं की आधी नख खरवडून बघा. मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी हे करतो, हेडसेट असो की महागडा माइक. यादीतलं नाव फसवतं, नख फसवत नाही.

निळी फीत

चार दिवसांनी लिहितेय. ओळखीच्या एकांकडून लाल-पांढऱ्या भोकांची यूएसबी डबी आणली. ड्रायव्हर न टाकताच विंडोजने ओळखली. नखाची चाचणी केली, मीटर हलला नाही. गिटार उजवीकडे आली, बासरी डावीकडे थोडी. सूर विझत नाही!

पण आता जाड घूंऽऽ असा आवाज सगळीकडे आहे, टेप थांबवली तरी. ऑडॅसिटीत 'प्लॉट स्पेक्ट्रम', म्हणजे कुठल्या वारंवारतेचा आवाज किती आहे त्याचा आलेख, काढून बघितलं तर ५० हर्ट्झवर उंच टोक, मग १०० वर, १५० वर. हे गाळून टाकू का सॉफ्टवेअरने?

तारयंत्र

गाळू नका, आधी येतंय कुठून ते बघा. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. फक्त एवढंच करा, दुसरं काही हलवू नका, म्हणजे कारण नक्की कळेल.

टेप आणि चार्जर दोन्ही विजेच्या बोर्डाला लावलेले असताना त्यांच्या अर्थच्या वाटा तुमच्या ऑडिओ वायरमधून एकमेकींना मिळतात आणि एक वेटोळं तयार होतं. त्यात विजेची वारंवारता शिरते: काही देशांत ५०, काही देशांत ६०, आणि तिच्या पटी. बॅटरीवर आलात की वेटोळं तुटतं. घूं गेलं तर उत्तर मिळालं. बॅटरी कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत, ४५ मिनिटंही, टिकत नसेल तर ऑडिओ वायरच्या मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल, तो आवाज पलीकडे जाऊ देतो पण अर्थची वाट तोडतो.

एक कळकळीची विनंती. चार्जरची किंवा टेपची अर्थिंगची पिन कापा, चिकटपट्टी लावून बंद करा, असे सल्ले तुम्हाला नक्की मिळतील. ते ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

खुंटी

माझ्या आधीच्या सल्ल्याबद्दल माफ करा, लाइन आउटचा जोर मी लक्षातच घेतला नव्हता. एक भर: डबी यूएसबी हबला लावू नका, सरळ लॅपटॉपला लावा. हबवर असताना माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दर थोड्या वेळाने टिक् टिक् यायची, सरळ लावल्यावर गेली.

निळी फीत

चार्जर काढला आणि घूं त्याच क्षणी थांबलं. मी कान लावून बसले होते, एवढी शांतता होईल असं वाटलं नव्हतं. त्या शांततेत फितीची स्वतःची बारीक खसखस ऐकू येते. ती मला तशीच राहू द्यायची आहे.

डबी हबला नव्हतीच, सरळ लावली आहे. पातळीसाठी आधी पूर्ण बाजू एकदा ऐकून सगळ्यात मोठा सूर कुठे आहे ते शोधलं. तिसऱ्या धुनेच्या शेवटी बाबा तार सप्तकात जातात, तिथे मीटर -६ डेसिबलच्या पुढे जाणार नाही असं बघितलं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. ४५ मिनिटांच्या एका बाजूची फाइल ४७६ एमबीच्या आसपास होते. वाव (WAV) ही मोठी फाइलच जपून ठेवणार, ऐकायला एमपी३ वेगळी काढेन.

आणखी एक गोष्ट जमली. बाबांची बासरी माझ्याकडेच आहे. टेप जुनी, तिची चाकं फिरवणारा रबरी पट्टा सैल होऊन वेग कमी-जास्त झाला असेल का ही शंका होती. पहिल्या धुनेतला लांब सूर आणि मी त्याच बासरीवर तीच भोकं झाकून फुंकलेला सूर पाठोपाठ लावून बघितले. कॅसेटमधला सूर किंचित उतरलेला आहे, अर्ध्या स्वराच्याही आतच. तारयंत्र, हे सॉफ्टवेअरने वेग वाढवून सुधारू, की टेपचा पट्टा बदलून परत उतरवू?

तारयंत्र

पट्टा बदला, मग परत उतरवा. पट्टा ढिला असेल तर वेग एकसारखा राहत नाही, सुरुवातीला एक आणि शेवटाकडे वेगळा असतो, तो सॉफ्टवेअरने एका आकड्यात बसत नाही. पण आत्ताचं रेकॉर्डिंग पुसू नका. दुरुस्तीत टेपने एखादी फीत खाल्ली तर निदान हे हातात असेल. थंडीत बासरी थोडी उतरते आणि उकाड्यात चढते, तेव्हा जुळवताना अगदी केसाएवढ्या फरकाच्या मागे लागू नका.

अकराही कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन बारीक पट्ट्या तोडल्यात का? त्या शाबूत असतील तर एक चुकीचं बटण दाबलं की त्यावर नवीन आवाज भरला जाईल.

निळी फीत

दहांच्या बाबांनीच तोडून ठेवल्या होत्या. अकरावीच्या शाबूत होत्या, त्या आत्ता तोडल्या. पट्ट्यासाठी टेप उद्या दुरुस्तीला देते. तोवर जोड असलेली कॅसेट सोडून बाकी सगळ्या या आठवड्यात एकदा तरी उतरवून झाल्या आहेत, आणि दुसऱ्या धुनेत आता दार वाजत नाही.